खाटेजवळचे शिक्षण

घाटी रुग्णालयात कोणी भरती झाले की पहिल्या दोन तासांत नातेवाइकांची तीन जणांशी गाठ पडते. डॉक्टर येतात, तपासतात, पुढे जातात. सिस्टर सलाइन लावतात, इंजेक्शन देतात, फाइल लिहितात आणि शेजारच्या खाटेकडे वळतात. तिसरे माणूस स्ट्रेचर ओढते, पेशंटला खाटेवर घेते, बेडपॅन देते, एक्स-रेला नेऊन परत आणते. त्याला कोणी नावाने हाक मारत नाही. ती मावशी, तो मामा. खासगी रुग्णालयांच्या ड्युटी चार्टवर हेच माणूस ‘जीडीए’, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट असते. सरकारी कागदांवर कक्षसेवक, अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांत रुग्णसहायक. छत्रपती संभाजीनगरात या कामाला माणसे सतत लागतात. १९५६ सालचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे घाटी, शिवाय एमजीएम, हेडगेवार, कमलनयन बजाज, धूत अशी मोठी रुग्णालये आणि गल्लोगल्लीची नर्सिंग होम्स. जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून बुलढाण्यापर्यंतचा पेशंट इथे येतो. फुलंब्री, गंगापूर, पैठणकडची दहावी-बारावी झालेली मुले-मुली या कामाची चौकशी करत शहरात येतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा, कारण तो खिशाला चाट लावतो. रुग्णसहायकाचा अभ्यासक्रम म्हणजे नर्सिंग नव्हे. नर्सिंगचे रस्ते ठरलेले आहेत: दोन वर्षांचे एएनएम, तीन वर्षांचे जीएनएम, चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग. हे मान्यताप्राप्त संस्थेतून पूर्ण केले की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि मग ‘नर्स’ म्हणून काम करता येते. सहायकाच्या प्रमाणपत्रावर ही नोंदणी होत नाही. ते प्रमाणपत्र खोटे ठरत नाही, फक्त वेगळ्या कामाचे असते. तरी ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ असे फलक बसस्टँडच्या आसपास दिसतातच. अशा ठिकाणी एकच प्रश्न विचारावा, “कोर्स झाल्यावर परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळेल का?” उत्तरादाखल चहा आला, तर चहा पिऊन बाहेर पडावे.

खरे अभ्यासक्रम कुठले? केंद्राच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, म्हणजे २०१५ साली सुरू झालेल्या पीएमकेव्हीवायमध्ये, जीडीए आणि घरी जाऊन शुश्रूषा करणारा होम हेल्थ एड ही दोन्ही कामे आहेत. त्यांचा अभ्यास आणि परीक्षेची पद्धत आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने आखून दिली आहे, आणि योजनेतल्या मुलांना फी नसते. ग्रामीण मुलांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे. राज्याचे कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ प्रमाणपत्र अभ्यासक्रमांना मान्यता देते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा रुग्णसहायक शिक्षणक्रमही अनेकींनी संसार सांभाळून केला आहे. शिक्षणाची अट साधारण दहावी. मुदत योजनेप्रमाणे बदलते. ती ऐकताना वर्गाचे तास किती आणि प्रत्यक्ष वॉर्डातले किती, हे वेगवेगळे विचारावे. वॉर्डाचे नाव काढताच संस्था गुळमुळीत बोलू लागली, तर तो कोर्स कागदापुरता आहे असे खुशाल समजावे.

कोविडमध्ये अशा शिकलेल्या माणसांची गरज सगळ्यांनाच कळली. १८ जून २०२१ रोजी केंद्राने २६ राज्यांतल्या १११ केंद्रांवर सहा प्रकारचे झटपट अभ्यासक्रम सुरू केले. लाखभर माणसे तयार करण्याचा इरादा होता. एकवीस दिवस वर्ग, पुढे तीन महिने प्रत्यक्ष काम. साथीत दुसरा इलाज नव्हता. पण एकवीस दिवसांत हातांना वळण लागते, नजर तयार होत नाही, आणि या कामात नजरेला फार किंमत आहे.

वर्गाची सुरुवात हात धुण्यापासून होते. मुले हसतात. साबण-पाण्याने चाळीस ते साठ सेकंद, सॅनिटायझरने वीस ते तीस. तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोके आणि मनगट. अंगठा हमखास राहतो. कधी धुवायचे याच्या जागतिक आरोग्य संघटनेने पाच वेळा ठरवून दिल्या आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या खाटेला, टेबलाला, रेलिंगला हात लागल्यावर. शेवटची वेळ सगळे विसरतात. पेशंटला कुठे हात लावला, असे त्यांना वाटते.

पुढे चादर. अंथरूण घालायला काय शिकायचे, असे घरून निघताना वाटलेले असते. पेशंट झोपलेला असताना त्याच्याखालची चादर बदलायला सांगितली की घोटाळा सुरू होतो. रीत अशी. दोघे लागतात. आधी पेशंटला सांगायचे, “काका, तुम्हाला डाव्या कुशीवर घेतोय, घाबरू नका.” बेशुद्ध असला तरी सांगायचे. समोरचा जोडीदार त्याला खांद्याला आणि कमरेला धरून आपल्याकडे वळवतो आणि तसाच धरून ठेवतो. आता पाठीमागची अर्धी खाट मोकळी झाली. मळकी चादर लांबीच्या बाजूने गुंडाळत पेशंटच्या पाठीला भिडवायची, घाण आतल्या बाजूला. मोकळ्या भागावर धुतलेली चादर पसरायची, तिचा उरलेला अर्धा भाग गुंडाळून त्या वळकटीशेजारी ठेवायचा. त्यावर मॅकिनटॉश, म्हणजे रबरी कापड, आणि वर ड्रॉ शीट, म्हणजे आडवी छोटी चादर. त्यांचीही तशीच गुंडाळी. मग पेशंटला या उंचवट्यावरून हळूच स्वच्छ बाजूला वळवायचे. जोडीदार पलीकडून मळकी चादर ओढून घेतो, नवी उलगडतो आणि ताणून कोपरे खोचतो. सुरकुती राहता कामा नये. चादर झटकायची नाही, छातीशी धरायची नाही, जमिनीवर टाकायची नाही. सरावलेली जोडी चहा निवायच्या आत हे उरकते. नवख्यांच्या हातून पहिल्या दिवशी पेशंटपेक्षा चादरच जास्त हलते.

सुरकुतीचा एवढा बाऊ कशासाठी? दिवसेंदिवस पडून असलेल्या पेशंटची कातडी हाड आणि गादी यांच्यात दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि जखम होते. तिला वॉर्डात बेडसोर म्हणतात. माकडहाड, टाचा, घोटे, खुबे, कोपरे, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू ही तिची ठरलेली ठिकाणे. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची आणि किती वाजता कोणत्या कुशीवर घेतले ते चार्टवर लिहायचे. पहिली खूण म्हणजे लाली, आणि बोटाने दाबून सोडली तरी ती फिकी होत नाही. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताच्या पाठीने पाहावे लागते, भोवतालपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा वेगळ्या छटेची लागते का. अशा जागी चोळायचे नाही. घरोघरी तेल-पावडर लावून खसाखसा चोळतात. त्याने आतली नाजूक कातडी आणखी दुखावते. पायांखाली, पोटऱ्यांच्या जागी, उशी अशी द्यायची की टाचा अधांतरी राहतील. हे सगळे तीन-चार दिवसांत शिकून होते आणि पुढची सगळी नोकरी करावे लागते.

भरवण्याचा धडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे मायाच घात करते. लकवा झालेल्या आजीला सून आडवे असतानाच पेज पाजते. पेज श्वासनलिकेत उतरते आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया. सहायकाला शिकवतात: आधी सिस्टरना विचारायचे की तोंडाने द्यायचे आहे का. मग पेशंटला होईल तितके ताठ बसवायचे, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, एक घास गिळून झाल्यावरच दुसरा. लकवा झालेल्या बाजूच्या गालात अन्न साठून राहते, ते पाहायचे. आवाज घोगरा, ओलसर झाला किंवा खोकला आला की थांबायचे आणि सांगायचे. जेवणानंतर अर्धा तास तसेच बसलेले ठेवायचे. नाकातल्या नळीतून फीड देणे मात्र सिस्टरचे काम. आणि खाटेवर ‘एनबीएम’ची पाटी असेल, म्हणजे तोंडाने काहीच द्यायचे नसेल, तर तिचा राखणदार सहायकच. ऑपरेशनच्या सकाळी “नुसता घोटभर चहा दिला हो” असे सांगणारा नातेवाईक दर वॉर्डात सापडतो. भूल देताना तो घोट छातीत जाऊ शकतो, हे त्याला न दुखावता सांगणे हेही शिकावे लागते.

मग आकडे. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साठ ते शंभर, श्वास बारा ते वीस, ऑक्सिजन साधारण पंच्याण्णवच्या वर. यंत्रे आता बोटाला लावली की आकडा दाखवतात. श्वास मात्र डोळ्यांनीच मोजायचा. त्यात एक गंमत आहे. “तुमचा श्वास मोजतोय” असे सांगितले की पेशंटचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचे नाही, बोट तिथेच ठेवून नजर छातीकडे वळवायची आणि पूर्ण मिनिट मोजायचे. अर्धे मिनिट मोजून दुप्पट केले की चूकही दुप्पट होते.

‘इनटेक-आउटपुट’चा तक्ता मुलांना कंटाळवाणा वाटतो. पेशंटच्या पोटात किती गेले आणि बाहेर किती आले याचा तो हिशेब. वॉर्डातला कप, पेला, वाटी एकदा मापून ठेवली की काम सोपे होते. चहा १०० मिली, पाणी २००, पेज १५०. सलाइनचा आकडा सिस्टर भरतात. दुसऱ्या बाजूला लघवी, उलटी, ड्रेनमधले पाणी. डायपर असेल तर कोरड्याचे वजन ओल्यातून वजा करायचे. एक ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने एक मिली. डॉक्टर राउंडला आले की किडनी किंवा हृदयाच्या पेशंटची फाइल उघडून बऱ्याचदा आधी हाच तक्ता पाहतात. त्यात अंदाजपंचे आकडे असतील तर औषधाचा डोसही अंदाजपंचेच ठरणार.

लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली लटकती ठेवायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. एक्स-रेला नेताना घाईत ती उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतात. पिशवीतली लघवी नळीतून उलटी आत जाते आणि संसर्गाला वाट मिळते. व्हीलचेअरचा ब्रेक आधी लावायचा, पेशंट नंतर. उचलताना स्वतःची कंबर सांभाळायची: गुडघे वाकवायचे, पाठ सरळ, पेशंट अंगाजवळ. हे न पाळल्याने चाळिशीत पट्टा लावून फिरणाऱ्या मावश्या कमी नाहीत.

कचऱ्याचा धडा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांवर बेतलेला असतो. रक्ताने माखलेले कापूस-बँडेज पिवळ्या पिशवीत. सलाइनचे सेट, कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, हातमोजे लालमध्ये. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या-अँप्यूल निळ्यात. सुईला टोपण पुन्हा लावायचे नाही. तरी टोचलीच तर बोट पिळत बसायचे नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचे आणि त्याच क्षणी सिस्टरना सांगायचे, कारण एचआयव्हीविरोधी औषध ७२ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके चांगले, सुरू करावे लागते. ओरडा बसेल म्हणून लपवणारी मुले असतात. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस, पहिला, मग एका महिन्याने, मग सहा महिन्यांनी, वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वीच सुरू झालेले असावेत. संस्था त्याबद्दल बोलत नसेल तर आपणच विषय काढावा.

आता मर्यादा. सहायकाने इंजेक्शन द्यायचे नाही, औषध ठरवायचे नाही, कॅथेटर घालायचे नाही, ऑक्सिजनचा फ्लो किंवा सलाइनचा वेग बदलायचा नाही. सलाइनच्या नळीत रक्त चढले किंवा हात सुजला, तर सिस्टरना बोलवायचे. छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री मनुष्यबळ कमी पडले की “तूच लाव ना, तुला येतं की” असे म्हटले जाते. पोराला त्यात कौतुक वाटते. पण काही बिघडले तर त्याच्यामागे ना नोंदणी, ना कायदा.

करायचे ते सांगायचे, आणि नेमके सांगायचे. “सिस्टर, बारा नंबर बरा वाटत नाही,” यावर सिस्टर काय करणार? “बारा नंबर, सकाळपासून लघवी शंभरच मिली, गडद आहे, आणि सकाळी बोलत होते ते आता हाक मारली की नुसते डोळे उघडतात,” असे म्हटले की त्या हातातले काम टाकून उठतात. पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळ सहायक असतो. बिघाड त्याच्यासमोर सुरू होतो. तो पाहणे, मोजणे आणि योग्य माणसाच्या कानावर घालणे, याच क्षमतेसाठी हा सगळा खटाटोप आहे असे माझे मत आहे. चादर आणि बेडपॅन ही त्या पाहण्याची निमित्ते.

वर्ग संपला की वॉर्डातले प्रशिक्षण. पहिले दिवस वासातच जातात. काही जण दुपारचा डबा परत घरी नेतात. स्पंजबाथ देताना पडदा ओढायचा, एका वेळी अंगाचा एकच भाग उघडा ठेवायचा, पाणी गार झाले की बदलायचे, हे पुस्तकात सोपे असते. समोर आपल्या आजोबांच्या वयाचा माणूस लाजेने डोळे मिटून पडलेला असतो तेव्हा हात अडखळतो. त्यातून घरच्यांचे बोलणे: “लोकांची घाण काढायला शिकवलं का तुला?” यामागे शिवाशिवीचा जुना हिशेब आहे, तो उगाच झाकू नये. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाने हिंदू बायकांना परिचर्या शिकायला ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात केली, तेव्हाही परक्या पुरुषाच्या, परक्या जातीच्या अंगाला हात लावण्यावरूनच वादंग होते. नर्सला पुढे मान मिळाला. मावशीपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

शेवटी परीक्षा. मूल्यमापन करणारा बाहेरचा असतो. थोडे लेखी, थोडे तोंडी, बाकी करून दाखवायचे: हात धुवा, नाडी मोजा, पेशंटला खाटेवरून व्हीलचेअरवर घ्या. छातीदाबही विचारतात, मिनिटाला शंभर ते एकशे वीस, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांमागे दोन श्वास. इथे बहुतेक मुले दाब बरोबर देतात आणि मदतीला हाक मारायचे विसरतात.

नोकरी दोन तऱ्हेची. रुग्णालयात ड्युटी, पाळ्या, वर सिस्टर, शेजारी जोडीदार. रुजू होताना पगार थेट रुग्णालय देणार की ठेकेदार, हे विचारावे. पीएफ कापला जातो का, ईएसआयचे कार्ड मिळते का तेही. महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय लागू होते, आणि स्वतः आजारी पडल्यावर त्याची किंमत कळते. दुसरी तऱ्हा ब्यूरोमार्फत घरी जाण्याची, बारा तास किंवा चोवीस तास. हातात पैसे बरे दिसतात, पण ब्यूरोचे कमिशन, सुट्टी, झोपायची जागा आणि जेवण आधी बोलून घ्यावे. सिडको-गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये मुले पुण्याला किंवा परदेशात, आणि घरात पडून असलेले आजोबा, हे चित्र आता सर्रास आहे. तिथे सिस्टर हाकेच्या अंतरावर नसतात, म्हणून कोणत्या लक्षणावर कोणाला फोन करायचा ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्यावे. आणि “ताई, तेवढी भांडीही घासून टाक” हे वाक्य दुसऱ्या आठवड्यात येतेच. पेशंटचे ताट-वाटी आपले. घरची भांडी आपली नाहीत, हे पहिल्या खेपेलाच हसून सांगितलेले बरे.

याच कामात पंधरा वर्षे काढणारे आहेत, आणि त्यांच्याइतकी पेशंटची पारख नव्या डॉक्टरांनाही नसते. पण पगाराची उडी नोंदणीशिवाय मिळत नाही. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी बारावीचा विचार पहिल्याच वर्षी करावा, कारण एएनएम आणि जीएनएम दोन्हींना बारावी लागते. एएनएम फक्त मुलींसाठी आहे. मुलांना थेट जीएनएम. बी.एस्सी. नर्सिंगला विज्ञान शाखा हवी, त्यात जीवशास्त्र हवे. दहावीवर कामाला लागलेल्यांना राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बारावीला बसता येते. फॉर्म भरताना इंग्रजी विषय सोडू नये. नर्सिंगच्या प्रवेशाला तो लागतो, आणि वॉर्डातल्या फायलीही इंग्रजीतच असतात.